सहा बांगड्या

मनगट

रविवारी तीन वाजता वाणगाव स्टेशनच्या क्वार्टर्समागे पेंढा भरलेली गोणपाटं अंथरली जात आणि हे मला पाडत.

ह्यांचं नाव मी घेत नाही. प्रल्हाद घ्यायचा, काशीनाथमास्तर म्हणून. प्रल्हाद तिकीटखिडकीवरचा क्लार्क. हे पॉइंट्समन, रुळांचे सांधे बदलणारे, पण त्याआधी फौजेत होते आणि दुसरं महायुद्ध संपल्यावर वर्षभर जपानात. तिथे एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने ह्यांना हाताची विद्या दिली. समोरच्याचं मनगट धरायचं, ओढायचं नाही, ढकलायचं नाही, आणि तो पडतो. रेल्वेतली चार माणसं ती शिकायला येत. दाखवायला एक अंग लागे. ते माझं.

छप्पन्नच्या दिवाळीपासून. दर रविवारी माझ्या उजव्या हातातल्या सहाच्या सहा काचेच्या बांगड्या फुटत. फुटल्या म्हणायचं नसतं, वाढवल्या म्हणायचं. सोमवारी बाजारात जमना कासारीण नव्या भरायची. मनगटावरचे काप बघून साबणाऐवजी खोबरेल लावायची.

कोपर

दोनदा मुरगळलं, एकाच पावसाळ्यात.

खांदा

तो निखळला तेव्हा ह्यांनी माझ्या काखेत पाय रोवून बसवला, आणि बसवता बसवता चौघांना समजावूनही सांगितलं. प्रल्हाद म्हणाला, वहिनी म्हणजे रबर. सगळे हसले. मीही हसले आणि पदराने तोंडातलं रक्त पुसलं. जीभ दाताखाली आली होती.

ह्यांचा एक ठरलेला बोल होता: धरलेल्या मनगटातून मला समोरच्याची टाच कळते. मला ती फुशारकी वाटे.

टाच

गंजाड गावची सुकी नावाची बाई सरपणाची मोळी डोक्यावरून विकायला आणायची. एकदा मोळी उतरवायला मी पुढे झाले आणि तिच्यासकट भिंतीवर आदळले. सुकी पोट धरून हसली.

"हातानं नको धरू, बाय. टाचेवर ठेव. मंग ती तुझीच."

मोळी फाटकात अडकली तर सुकी जोर लावत नसे. टाचेवर वळायची. लाकडं तिच्याबरोबर वळायची.

मी हंड्याखाली तसं करून पाहिलं. मान, पाठ, कंबर, गुडघा, टाच. वजन खाली जाऊ द्यायचं, मध्ये कुठे अडवायचं नाही. मग रविवारी, पडताना. ह्यांचा पिळा मनगटात आला की मी तो धरून ठेवत नसे, टाचेपर्यंत जाऊ देई. पडायची तरीही. पण सहाच्या जागी चार वाढायच्या. पुढल्या पावसाळ्यात दोन. ह्यांच्या लक्षात आलं नाही. जमनाच्या आलं. दुसरीकडे भरतेस की काय, असं तिने फुगून विचारलं.

जमीन

"तू हल्ली मेल्यासारखी पडतेस," हे शनिवारी जेवताना म्हणाले. "बघणाऱ्याला काही दिसत नाही. उद्यापासून नयना उभी राहील. नऊची झाली, हाडं अजून वळतात."

आमच्या लेकीचा, नयनाचा, घास हातातच राहिला. ह्यांनी ताक मागितलं. मी वाढलं.

दुसऱ्या दिवशी ह्यांनी हाक मारली तशी पोर उठली, फ्रॉक गुडघ्याखाली ओढत. मी मधे गेले आणि माझं मनगट पुढे केलं. ह्यांनी चौघांसमोर मला थोबाडीत मारली. परत मारली. कानात शिट्टी वाजत राहिली. मनगट मी खाली घेतलं नाही. मग ते ह्यांनी धरलं. दाखवायला नाही, मोडायला.

पिळा आला. कोपरात, खांद्यात, पाठीतून टाचेत, टाचेतून जमिनीत. तिथे तो संपला, आणि ह्यांच्या हातात धरण्यासारखं काही उरलं नाही. मी टाचेवर वळले, फाटकातल्या सुकीसारखी. माझी बोटं ह्यांच्या मनगटावर आली होती. जोर कुठेच लागला नाही. हे गोणपाटापलीकडे खडीवर पडले आणि वाळका बांबू मोडल्यासारखा आवाज झाला. रुळांच्या सांध्याचा दांडा ओढायचा तो हात. हाड कातडीतून बाहेर आलं.

मनगट अजून माझ्या बोटांत होतं, आणि मला ह्यांची टाच कळली. खडीत घासत होती, आधार शोधत होती. मोडलेल्या हाडातली वेदना माझ्या बोटांतून खांद्यापर्यंत आली, इतकी स्वच्छ, की मीच ओरडले असते.

म्हणजे फुशारकी नव्हती. तीन वर्षं, दर रविवारी, माझं सगळं ह्यांच्या बोटांपर्यंत पोचत होतं.

मनगट

"कसं केलंस?" ह्यांनी विचारलं. चेहरा पांढरा, आवाज मास्तरचा.

"तुम्हाला कळत होतं," मी म्हणाले.

हे नाही म्हणाले नाहीत. मी आणखी थोडी वळले.

ते गुरासारखे ओरडले. प्रल्हादने मागून माझा दंड धरला. तो कधी गोणपाटावर जाऊन पडला मला समजलंही नाही. बाकीचे तिघे भिंतीला टेकून उभे होते. मी अजून वळणार होते. जोर लागत नव्हता, त्यामुळे थांबायची जागाही येत नव्हती.

नयनाने माझ्या मनगटावर हात ठेवला. बांगड्यांवर. सहाच्या सहा होत्या.

"आई, पुरे."

तिच्या बोटांतून मला तिची टाच कळली. उचललेली होती. ती पळायच्या बेतात होती, ह्यांच्यापासून नाही, माझ्यापासून.

मी हात सोडला.