टेबलाखालचा वाटेकरी

पैलवान हे नाव त्या कुत्र्याला थट्टेनं पडलं होतं. पिल्लू असताना त्याच्या बरगड्या दिसायच्या. पण पुढे पठ्ठ्या नावाला असा जागला, की घराच्या चार पायऱ्या चढतानाही मध्येच बसकण मारायचा आणि वर उभ्या असलेल्या बॅगवाल्या काकांकडे बघत धापा टाकायचा. ते बघणं काकांना सोसवत नसे. त्याला एवढा कोणी फुगवला हे घरात दोघांनाच माहीत होतं, आणि त्यातल्या एकाला बोलता येत नव्हतं.

काका पुढच्या खोलीत चामड्याच्या बॅगा शिवायचे, तुटलेल्या चेन बदलून द्यायचे. गेले काही महिने त्यांच्या घशाखाली घास उतरत नव्हता. पातळ असलं तर ठीक. पाव, बटाटा, मांसाचा तुकडा छातीशी येऊन अडकायचा. डॉक्टरकडे जायची त्यांना भीती वाटायची. थोरला भाऊही आधी "घास अडकतो" एवढंच म्हणाला होता, आणि मग दवाखान्यातून घरी परतलाच नाही. तेव्हा काकांनी आपल्यापुरता सोपा मार्ग काढला. काकू ओट्याकडे वळल्या, की ताटातलं सगळं टेबलाखाली. खाली पैलवान टपलेलाच. रिकामं ताट बघून काकूंना कोण आनंद व्हायचा. "आज जेवलात बाई पोटभर!" म्हणत त्या आणखी वाढायच्या.

एका दुपारी तर कहर झाला. पैलवानाचा पट्टा गळ्याला काचतोय म्हणून काकांनी त्याला टोकाकडे नवं भोक पाडलं, आणि अवजार हातात होतंच म्हणून स्वतःच्या कमरपट्ट्यालाही पाडलं, आतल्या बाजूला. दोन्ही पट्टे त्यांनी समोर शेजारी शेजारी ठेवले. आपली भीती आपण या मुक्या जिवाच्या पोटात कोंबतोय, हे त्यांना लख्ख कळत होतं. तरी संध्याकाळी हात टेबलाखाली गेलाच.

पुढे जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी पैलवानाला पथ्य लावलं. काकूंनी त्याचा खुराक निम्म्यावर आणला आणि डोळ्यांत तेल घालून तो सांभाळला. पैलवान रिकामी वाटी नाकानं ढकलत घरभर हिंडायचा. काकूंचे डोळे भरून यायचे, पण त्या बधल्या नाहीत. आणि वजन? ते उलट वाढलं.

"काकू, घरात कोणी चोरून खाऊ घालत नाही ना?" पुढच्या खेपेला दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"छे हो! हे तर स्वतःचं ताट पुसून खातात, त्याला कुठलं उरायला? माझंच काहीतरी चुकतंय. माझ्या हाताला मापच नाही."

काका पैलवानाचा पट्टा उगाच सारखा करू लागले.

"मग आतून काही आजार असेल," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "रक्त काढून बघू. कदाचित जन्मभर औषध द्यावं लागेल."

पैलवानाच्या पायावरचे केस भादरले गेले. सुई बघून तो ओरडला नाही. त्यानं काकांच्या तळहातात नाक खुपसलं. या हातातून नेहमी चांगलंच मिळतं, अशी त्याची खात्री होती. काकांना स्वतःची शिसारी आली.

"थांबा," ते म्हणाले. "त्याला काही झालेलं नाही. मीच घालतो त्याला. माझं सगळं ताट."

"सगळं?" काकू भडकल्या. "मी त्याला उपाशी ठेवतेय, रडतेय, आणि तुम्ही... का हो? माझ्या हाताची चव गेली?"

"चव नाही गं गेली. घशाखाली उतरत नाही. दादासारखं."

काकूंचा राग चेहऱ्यावर तसाच राहिला. त्यांनी काकांचा दंड धरला. स्वेटरच्या बाहीतून बोटांना हाडच लागलं. तसंच ओढत त्यांनी काकांना दाराजवळच्या वजनकाट्यापाशी नेलं.

"चढा."

"अगं, हा जनावरांचा काटा आहे."

"चढा म्हणते ना!"

काका चढले. आकडा स्थिरावला. डॉक्टरीणबाईंनी तो बघितला आणि माणसांच्या डॉक्टरांना फोन लावला. काकू मात्र आकड्यावरून नजर काढीनात.

"इतके दिवस मी कोणाला जेवू घालत होते हो?" त्या म्हणाल्या.