भवानीचं गिऱ्हाईक

१९९१ सालची गोष्ट. डोंबिवलीत मानपाडा रोडला आमची इमारत तेव्हा नवी होती आणि आख्ख्या इमारतीत फोन फक्त आमच्याकडे होता. एका रविवारी सकाळीच तो वाजला.

"काकू, लक्ष्मीला बोलवा ना. तिच्या वर्गातला बोलतोय."

मी गॅलरीत गेले. इमारतीच्या मागेच ठमाबाई कोळणीचं कौलारू घर. "लक्ष्मी, तुझा फोन गं!" आळीभर ऐकू जाईल अशी हाक मारली. दुसरा उपायच नव्हता.

लक्ष्मी ठमाबाईची मुलगी, दहावीत होती. त्या घरातून इतकं कुणी शिकलं नव्हतं. अभ्यास विचारायला म्हणून तिने एका मैत्रिणीला आमचा नंबर दिला, तो कसा कोण जाणे मुलांच्या हाती लागला. महिनाभर रोज फोन. ती धावत यायची, ऐकायची, ठेवून द्यायची. विचारलं तर म्हणायची, "राँग नंबर, काकू." तिकडे आळीत कुजबुज सुरू झाली, पोरीला एवढे फोन करतं कोण? तिचा चुलता धाकू तर ओट्यावर बसून सुनवायचा, "परीक्षेचं नाटक बंद करा. बाजारात बसवा, नाय तर लगीन लावा." आणि आता चार दिवस लक्ष्मी आपणहूनच शाळेत गेली नव्हती.

त्या दिवशी ती लगेच वर आली नाही. बाजाराला निघालेली ठमाबाई पाटी जिन्यात टेकवून आली.

"हां, बोल."

मायलेकींचा आवाज सारखा. मी शेजारीच उभी होते, पलीकडचं मलाही ऐकू आलं. "ए म्हावरेवाली, बोंबील काय भाव?" मागे दोनतीन पोरं खिदळत होती.

"ताजं हाईत," ठमाबाई म्हणाली. "किती आनू?"

खिदळणं थांबलं. फोन ठेवल्याचा आवाज आला.

"कटला वाटतं," ती मला म्हणाली. "पयलंच गिऱ्हाईक. भवानी व्हायची हाय माजी, दिसाची पयली इक्री."

लक्ष्मी दारात येऊन उभी होती. "आये, गिऱ्हाईक नाय गं ते. मस्करी करतात माझी." मग सगळंच बाहेर आलं. वर्गात शिरली की नाकं दाबतात. बाकावर शेजारी कुणी बसत नाही. आणि घरी आलं की हा फोन. "मी नाय जाणार आता शाळेत."

मला वाटलं, ठमाबाई एक तर रडेल, नाही तर पोरीला मारेल.

"आवाज वलखीचा हाय?" तिने विचारलं.

"सुधीर. पुढच्या कॉलनीतला."

"भाव त्यानंच इचारला ना? मंग? पयल्या गिऱ्हाइकानं भाव इचारून पलायचं नसतं. युनिफॉर्म घाल."

"आये, रविवार आहे."

"घाल म्हनते ना."

मीही चपला सरकवून मागोमाग निघाले. वाटेत तिच्या नेहमीच्या बायका भेटल्या. "ठमाबाई, दाखव गं पाटी." "भवानी व्हायची हाय, ताई. पयलं गिऱ्हाईक फुडं हाय. मागनं ये." असं म्हणत तिने एकेकीला परत पाठवलं. ऊन चढत होतं, पाटीतल्या बर्फाचं पाणी तिच्या खांद्यावर ठिबकत होतं.

सुधीरच्या आईने दार उघडलं. ठमाबाईने पाटी उंबऱ्याशी ठेवली.

"तुमच्या पोरानं फोनवर बोंबलांचा भाव इचारला. आनलंय."

"अहो, आम्ही मासे खात नाही."

तेवढ्यात सुधीर बाहेर आला. युनिफॉर्ममधल्या लक्ष्मीला बघून त्याचा चेहरा पडला. आईला काय ते कळलं. "माफी माग तिची आधी!"

"माफीचं तुमचं तुमी बघा," ठमाबाई म्हणाली. "माजी भवानी खोळंबलीय. भाव तोंडावर इचार म्हना. माजी पोर सांगंल."

सुधीर जमिनीकडे बघत पुटपुटला, "काय भाव?"

लक्ष्मीने आईकडे पाहिलं. मग मान वर केली आणि बाजारात सांगतात तशा खणखणीत आवाजात भाव सांगितला. जिन्यातली दारं उघडली. "बोल, घेतोस?"

त्याच्या आईने मुकाट्याने पैसे आणून दिले. लक्ष्मीने एक वाटा कागदात बांधून सुधीरच्या हातात ठेवला. ओलं पुडकं दोन्ही हातांत धरून तो तसाच उभा.

"साबणाने वास जात नाही," लक्ष्मी म्हणाली. "लिंबू चोळ."

सोमवारी ती शाळेत गेली.

लक्ष्मी पुढे कल्याणला नर्स झाली. दहावीच्या निकालाचे पेढे आळीत धाकूनेच वाटले. सुधीर नौपाड्यात दातांचा डॉक्टर झाला. ठमाबाईची कवळी त्यानेच केली. पैसे घेईना, तेव्हा ती म्हणाली, "सकालचं पयलं गिऱ्हाईक हाय मी. घे गपचूप." त्याने घेतले. आमचा फोन आम्ही कधीच काढून टाकला.

ठमाबाई शेवटी अंथरुणाला खिळली होती. मी भेटायला गेले त्या दिवशी लक्ष्मीची मुलगी मोबाईल पालथा ठेवून कोपऱ्यात बसली होती. शाळेतल्या कुणीतरी तिच्याबद्दल घाणेरडं लिहून सगळ्या वर्गाला पाठवलं होतं.

"कोन हाय त्यो?" ठमाबाईने विचारलं.

"नाव नाहीये आजी त्यात. नुसता नंबर आहे."

"नाव नसंल. घर तर असंल ना?" तिला कुशीवरही वळता येत नव्हतं. "लक्ष्मे, माज्या चपला आन."

लक्ष्मीने चपला आणून आईच्या पलंगाशी ठेवल्या. मग त्याच आपल्या पायांत घातल्या आणि मुलीला म्हणाली, "ऊठ. युनिफॉर्म घाल."