डाग दाखवणारं बोट

मी टॉवेल बोलतोय. अंग पुसायचा नव्हे हं, गाडी पुसायचा. निळा, जाड, लुसलुशीत. मायक्रोफायबर म्हणतात आमच्या कुळाला. माझ्याएवढं पाणी पिणारा या घरात दुसरा कोणी नाही.

कारखान्यातून मी दुकानात आलो आणि दुकानातून काकांकडे. काकांनी तीस वर्षं एका बाईंची गाडी चालवली. रोज सकाळी यांनी गाडी लख्ख पुसून उभी करायची, बाईंनी बॉनेटवर बोट टेकवून म्हणायचं, "इथे डाग राहिलाय." काका निवृत्त झाले, स्वतःची जुनी काळी गाडी घेतली, पण ते बोट काही त्यांच्या डोक्यातून जाईना.

काळ्या रंगाचं दुखणं असं, की थेंब वाळला तर पांढरा ठिपका उमटतो आणि घासून पुसलं तर बारीक ओरखडे उठतात. म्हणून काका गाडी सावलीत धुवायचे, मला बॉनेटवर अंथरायचे आणि दोन्ही टोकं धरून अलगद ओढायचे. रगडारगडी नाही. त्यांचा एक नियमही होता: मी जमिनीला लागलो की त्या दिवशी मला सुट्टी.

एके सकाळी पलीकडच्या गल्लीतून बाईंचा फोन आला. त्यांनी गाडी कधीच विकली होती आणि नवा चष्मा आणायला जायचं होतं. "सोडाल का?" काका थेट नळावर. यावेळी डाग सापडता कामा नये, असा त्यांनी पणच केला. टप झाला, काचा झाल्या, बॉनेटची पाळी आली आणि घाईत त्यांच्या हातून मी खाली पडलो.

काकांनी मला उचलून दोनदा झटकलं. "काही झालं नाही," स्वतःलाच म्हणाले.

झालं होतं. माझ्या अंगात वाळूचा कण रुतला होता. मी जिवाच्या आकांताने ओरडत होतो, पण टॉवेलचं ऐकतो कोण?

"अहो, थांबा," काकू दारातून म्हणाल्या. "नियम कोणाचा?"

"ऊन आलंय गं. थेंब वाळतील."

काकूंनी दोरीवरचा आपला केस पुसायचा टॉवेल ओढून त्यांच्या हातात दिला. "हा घ्या. त्याच कापडाचा आहे."

माझा सख्खा भाऊच तो. तो बॉनेटवर ऐटीत पसरला आणि मी बादलीच्या काठावरून बघत बसलो. जळलो, खोटं कशाला बोलू?

बाई आल्या, बोट फिरवलं आणि न बोलता गाडीत बसल्या. काका काकूंपाशी पुटपुटले, "दिसतच नसेल त्यांना."

दुपारी बाई नवा चष्मा लावूनच परतल्या. वाकून बॉनेट या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिलं. "नाही हो डाग," त्या म्हणाल्या. मग चष्मा काढत, "खरं सांगू? तेव्हाही नसायचा. मालकिणीने काहीतरी बोलावं लागतं, म्हणून बोलायचे मी."

काकांना हसावं की रागवावं कळेना. दोघांच्या वाटचं काकूच हसल्या. त्या दिवसापासून काका गाडी पुसताना शीळ घालतात.

तो कण काही निघाला नाही, म्हणून मी आता चाकं पुसतो. चाकांची माझ्याबद्दल तक्रार नाही आणि माझी चाकांबद्दल. तुमच्याकडचा टॉवेल खाली पडला, तर नुसता झटकून वापरू नका. आणि पुसणाऱ्याला डाग दाखवायचाच असेल, तर आधी तो आहे का, एवढं बघा.