नोएडा की खोपोली

मानेसरहून कंपनीच्या बसने घरी आला की नीरज तासभर माणसात नसतो. तरी मी त्याच्यासमोर लॅपटॉप ठेवला. एकीकडे नोएडाचं अम्युझमेंट पार्क उघडलं होतं, दुसरीकडे खोपोलीजवळचं. उन्हाळ्याच्या सुट्टीत कुठे जायचं, ते आज ठरवायचंच होतं.

"नोएडा," बूटही न काढता तो म्हणाला. "मेट्रोने जाऊ, संध्याकाळी घरी."

"घरीच यायचं तर सुट्टी कसली?"

"देविका, मी थकलोय यार."

थकलोय म्हणे. मी काय ऑफिसात झोपा काढून आले होते?

दिल्लीत सरकारी क्वार्टर असलेल्या मराठी माणसाला सुट्टी नसते, पाहुणे असतात. आमचा आर. के. पुरमचा क्वार्टर माझ्या नोकरीचा, पण सुट्ट्या लागल्या की तो पुण्याच्या कल्पनाताईंचा होतो. कल्पनाताई म्हणजे नीरजची थोरली बहीण. दरवर्षी सहकुटुंब येतात. लाल किल्ला, कुतुबमिनार, आग्रा, करोल बागेतली खरेदी. माझी रजा त्यांना फिरवण्यात संपते. ताजमहाल म्हटलं की मला आता फक्त चपला कुठे सोडायच्या ते आठवतं. माणसं वाईट नाहीत. येताना बाकरवडी आणतात, निघताना डोळे पुसतात. पण मला खरंच नको झालंय.

तेजश्रीलाही झालं असणार. दहा वर्षांची पोर, पण पाहुणे आले की तिची खोली त्यांची आणि ती हॉलमध्ये. मागच्या वर्षी तिने विचारलं होतं, "आई, आपण कधीच कुणाकडे रहायला का नाही जात?" खोपोलीचा हट्टही तिचाच. उलट्या फिरणाऱ्या पाळण्यापेक्षा तिला रेल्वेने लांब जाण्याचं आणि मुक्कामाचं अप्रूप. मी यंदा तिला हो म्हटलं होतं.

तेवढ्यात फोन वाजला. नीरजने स्पीकरवर टाकला.

"नीरज, तिकिटं काढतेय रे," कल्पनाताई म्हणाल्या. "या वेळी माझ्या जाऊबाईंची मुलंही येतायत. चालेल ना?"

"अच्छा, चलो, या की," नीरज म्हणाला. ताईला नाही म्हणणं त्याला जन्मात जमलेलं नाही.

तेजश्री माझ्या शेजारून उठली. आत गेली आणि आपली उशी आणून हॉलमधल्या दिवाणावर ठेवली. मग चादर आणायला परत गेली. रुसली नाही. दोरीवरचे कपडे काढावेत तसं चाललं होतं तिचं.

मी नीरजच्या हातातून फोन घेतला.

"ताई, यंदा आम्हीच तुमच्याकडे येतोय. तेजश्रीला खोपोलीचं पार्क दाखवायचंय."

पलीकडे ताईंनी टीव्हीचा आवाज कमी केला.

"अगं, पण आमच्या फ्लॅटमध्ये जागा कुठंय?"

"खाली गाद्या घालू. इथे घालतोच की दरवर्षी."

"किती दिवस राहाल?"

इतक्या वर्षांत हा प्रश्न मला एकदाही विचारता आला नव्हता. कसा सहज विचारतात बघा माणसं.

"आठवडाभर," मी म्हणाले.

"बरं, या." मग आवाज मऊ करत, "आमरस करीन. तिला आवडतो ना?"

"आवडतो," म्हणताना माझाही आवाज उतरला. त्यांच्याशी भांडायचं नव्हतंच मला.

फोन ठेवल्यावर नीरजने एकदाचे बूट काढले. "मला विचारायचंस तरी."

"विचारलं होतं. तू नोएडा म्हणालास."

तो हसला, आणि मग सोफ्यावर तसाच आडवा झाला. मी आत गेले. तेजश्रीने मोठी बॅग ओढून काढली होती आणि गुडघ्याने दाबून दाबून तिच्यात उशी कोंबत होती. निघायला अजून महिना होता.

"अगं, उशी कशाला?"

"पाहुणे आले की कमी पडतात ना," ती म्हणाली.