येडगावचा टेम्पो आणि नवा भात

मित्रांनो, येडगावच्या धरणाकडे जाणाऱ्या वाटेवर, शेवग्याच्या झाडाखाली, मी चार ठिकाणी विटांवर टेकलेला आहे. मी एक जुना टेम्पो आहे. फुटलेल्या काचेतून शेवग्याची फुले आत पडतात आणि आसनावरच सुकतात.

माझा सांगाडा कारखान्यात झाला. पाठीवरचा हौदा मात्र नारायणगावच्या एका गॅरेजात पत्रे जोडून बांधला गेला. एक्क्याण्णव साली हौशीराम नावाच्या शेतकऱ्याने मला घरी आणले. त्याच्या पत्नीने, ठकूबाईने, माझ्या चाकांखाली लिंबे ठेवली. पुढची सात वर्षे मी टोमॅटो वाहिले. तो आंबट वास लोखंडात मुरतो. तो अजून गेलेला नाही.

अठ्ठ्याण्णवच्या दिवाळीनंतर ठकूबाईने एक मागणी केली. ती आजवर ज्या गावी गेली, तिथे कोणाचे तरी लग्न होते, नाहीतर मयत. एकदा कारणावाचून कुठेतरी जावे, असे तिला वाटत होते. हौशीरामने विचार करायला आठ दिवस घेतले. मग त्याने हौद्यात फळ्यांचा पलंग ठोकला, ताडपत्रीला खिडकी पाडून जुन्या लुगड्याचा पडदा लावला आणि कोपऱ्यात रॉकेलचा स्टो ठेवला. कोणाच्या घरी भार व्हायचे नाही, हा त्याचा निश्चय होता. माल वाहणारा मी चार दिवसांसाठी घर झालो.

ओझरला त्यांनी विघ्नहराचे दर्शन घेतले. नंतर ठकूबाई नदीच्या काठावर बसून पाणी पाहत राहिली. पुढे धरणात अडलेले तेच पाणी तिच्या शेताशेजारीही होते. तिथे ते पाहायला तिला सवड नव्हती.

पेठला हौशीरामचा सोयरा भिका राहत असे. आम्हाला दारात पाहून त्याचा चेहरा उतरला आणि त्याने आधी विचारले, "कोण गेलं?" कोणी गेले नाही, सहज आलो, हे त्याला पटेपर्यंत चहा दोनदा झाला. स्टो पाहून त्याने हौशीरामला घर पाठीवर घेऊन फिरणारी गोगलगाय म्हणून चिडवले. त्याच्या घरी स्टो ही थट्टाच राहिली.

खरे जायचे होते ते गेणूकडे, डोंगरात. वीस वर्षांपूर्वी कालव्याच्या कामावर हौशीरामच्या पायावर दगड पडला, तेव्हा या गेणूने त्याला पाठीवर घेऊन दवाखाना गाठला होता. पुढे दोघांची भेट होई ती घोडेगावच्या बाजारात. गेणू दर वेळी घरी बोलावी. हौशीराम दर वेळी 'येतो' म्हणे. त्या शब्दाला गंज चढला होता.

आदल्या वर्षी डोंगरात भात नीट पिकला नव्हता. ते आठवून हौशीरामने वाटेत मंचरला तांदूळ विकत घेतला. दिवस कलताना मी गेणूच्या खळ्याशेजारी उभा राहिलो. ठकूबाईने हौद्यात स्टो पेटवला. त्याची घरघर ऐकून गेणू बाहेर आला. त्याने पातेल्याकडे पाहिले, मग हौशीरामकडे.

"आमच्या घरचं चालत न्हाई व्हय, भाऊ, तुमाला?"

मित्रांनो, चालणे हा शब्द मला तोवर एकाच अर्थाने ठाऊक होता. त्या संध्याकाळी कळले, की माणसांमध्ये जातीपायी न चालणारे अन्न असते आणि न चालणारी चूलही असते. वीस वर्षे हौशीराम या घरी का आला नाही, याचा अर्थ गेणूने त्या एका स्टोवरून लावला होता. हौशीराम पेचात पडला. तुझ्याकडे तांदूळ नसेल म्हणून आणला, असे सांगितले तर दारिद्र्याची जाणीव करून दिल्यासारखे होणार होते. गप्प राहिले तर गेणूचा समज खरा ठरणार होता. तो ताडपत्रीची दोरी आवळत बसला. गेणू घराकडे वळला.

तेव्हा ठकूबाईने स्टो विझवला, कच्च्या भाताचे पातेले पदरात धरले आणि गेणूच्या मागोमाग त्याच्या घरात गेली. दार उघडे होते, म्हणून मला दिसले. गेणूची बायको कुशाबाई चुलीपुढे बसली होती.

"वैनी, ह्ये अर्धं कच्चं हाय," ठकूबाई म्हणाली. "तुमच्या चुलीवर शिजवा. अन् आमाला तुमचं वाढा, लई भूक लागलीय."

कुशाबाईने झाकण उचलून पाहिले. "दुकानातला दिसतोय. कोंबड्यास्नी व्हईल," ती म्हणाली, आणि चुलीपुढून सरकून तिने ठकूबाईला जागा दिली.

त्या वर्षी भात बरा आला होता. नव्या तांदळाचा पहिला भात तिने या पाहुण्यांना वाढला. हौशीराम उंबऱ्याच्या आत गेला आणि तीनदा मागून जेवला. तिसऱ्या वेळी गेणूने स्वतः उठून वाढले.

माझे इंजिन दोन हजार सहा साली बसले. दर वर्षी दिवाळीनंतर गेणू नवे तांदूळ घेऊन एस.टी.ने येतो आणि उतरल्यावर आधी माझ्या पत्र्यावर थाप मारतो. मित्रांनो, गाडी धुवा, तिला तेलपाणी करा. गंज लोखंडाला लागतो तसा न पाळलेल्या शब्दालाही लागतो. कोणी घरी बोलावले तर कारणाची वाट पाहू नका. जाताना भूक तेवढी सोबत न्या.

मागच्या आठवड्यात भंगारवाला आला होता. माझ्याभोवती फिरून त्याने विचारले, "चालतो का हा?"

ठकूबाई शेंगा मोडत होती. तिने मान वर केली नाही.

"चालत न्हाई," ती म्हणाली. "पर आमाला चालतोय."