डाव्या काखेतला तुकडा

लेक आली ती गळ्यात हात अडकवूनच. स्वयंपाकघरातल्या ओल्या फरशीवरून पाय सटकला नि डाव्या खांद्यावर आपटली. डॉक्टरांनी आत खिळे घातले, वरून शिवलं आणि तीन आठवडे हात उचलायचा नाही असं बजावून घरी पाठवलं. नवरा फिरतीच्या नोकरीवर, घरात दुसरं कोणी नाही, म्हणून ती बापाकडे आली.

बाप शिंपी. सगळा मोहल्ला त्यांना मास्तर म्हणे. त्यांनी चष्मा कपाळावरून नाकावर घेतला आणि खांद्याची शिवण वाकून पाहिली.

"टाके बरे घातलेत. अंतर मात्र सारखं नाही."

"बाबा, तो डॉक्टर आहे, शिंपी नाही."

"म्हणून तर बोललो नाही काही. नाहीतर उसवून परत घाल म्हटलं असतं."

लेक हसली आणि हसताना खांदा हलला म्हणून कळवळली. तिच्या अंगात नवऱ्याचा शर्ट होता, एक बाही रिकामी लोंबत होती. हे काय ध्यान करून आलीस, असं मास्तरांच्या अगदी ओठावर आलं होतं. ते त्यांनी गिळलं. गेल्या दोन वर्षांत गिळायला शिकले होते.

"अंगाला काही लागलं की जीव जातो हो," लेक म्हणाली. "बाबा, आईचा तो तपकिरी गाउन आहे ना अजून? तो मोठा, ढगळ? तो द्या मला. त्यात दोन माणसं मावतील, असं ती फोनवर सांगायची."

मास्तर खिडकी लावायला उठले. खिडकी लावलेलीच होती.

"शोधतो," ते म्हणाले.

शोधायचं काही नव्हतं. गाउन कपाटात, खालच्या कप्प्यात, उजव्या कोपऱ्यात होता. बायको गेल्यापासून त्यांनी त्याला हात लावला नव्हता, पण तो कुठे आहे हे डोळे मिटून सांगितलं असतं.

ढगळ या शब्दाचं मास्तरांना भारी वावडं. चाळीस वर्षं त्यांनी कापड अंगाला असं बसवलं की माणूस आरशात स्वतःकडे वळून वळून बघे. कोणी सैल शिवा म्हटलं तर म्हणायचे, पोत्याला गळाच काढायचा असेल तर माझ्याकडे कशाला आलात, घरी कात्री नाही का? पलीकडचा वाणी पोटानं सुखवस्तू. तो दरवेळी काकुळतीला येई, "मास्तर, श्वास घ्यायला तरी जागा ठेवा." मास्तर सांगत, "श्वास सोडा, मग बटण लावा, मग जपून घ्या." वाणी शिव्या देत जाई आणि लग्नकार्य आलं की परत यांच्याच दारात उभा.

बायकोला सगळे मास्तरीण म्हणत. दुकान घराच्या पुढच्या खोलीत, त्यामुळे ती म्हणजे दुकानाची चालतीबोलती पाटी. वर्षाला तिचे तीन ड्रेस मास्तर स्वतः शिवत. तिला कधी टेप लावला नाही. तिचं माप मला पाठ आहे, असं गिऱ्हाइकांपुढे मोठ्या तोऱ्यात सांगत. पाठ होतं ते लग्नाच्या वर्षीचं. मधे एक बाळंतपण झालं, वय झालं, कंबर धरली, गुडघे सुजले. मास्तरांचं पाठांतर काही बदललं नाही. ती घालायची, आरशापुढे उभी राहायची, "छान झालंय," म्हणायची. मग दोन दिवसांनी दुपारी यांचा डोळा लागला की सुई घेऊन बसायची आणि कडेची शिवण जराशी सोडवून घ्यायची. शिवणीच्या आत मास्तर दोन बोटं जादा कापड ठेवत, ते तिच्या कामी यायचं. हे मास्तरांना ती गेल्यावर कळलं, कपाट आवरताना. एकेक ड्रेस उलटा केला, तर प्रत्येकाच्या कडेला तिचा वाकडातिकडा धावदोरा.

आणखी एक गोष्ट त्यांना उशिरा कळली. कपाटातले कपडे ती रंगानं लावत नसे, दिवसानं लावायची. सकाळी उठून आधी हातपाय हलवून बघायची, खिडकीत क्षणभर उभी राहायची आणि मग आजचा कपडा ठरवायची. लेकीला लहानपणापासून ही भाषा येत होती. आई गेल्यावर तेराव्या-चौदाव्या दिवशी तिनं बापाला सांगितलं होतं, "पिवळा घातला की काय मागायचं ते मागून घ्यायचं. करडा घातला की गपचूप जेवून उठायचं, कारण डोकं दुखतंय. निळा म्हणजे कंबर. तुम्हाला माहीत नव्हतं?"

मास्तरांना वाटे, बायको कपडे आलटूनपालटून घालते, म्हणजे सगळे सारखे झिजतील.

आता त्या तपकिरी गाउनचं. दुकानात एका कोपऱ्यात गिऱ्हाइकांना कपडे घालून बघायला पडदा होता. बारा वर्षं धुऊन धुऊन त्याचं कापड सायीसारखं मऊ झालं होतं. मास्तरांनी तिथे नवा निळा पडदा लावला तेव्हा जुना ती आत घेऊन गेली. पुसायला घेतला असेल असं यांना वाटलं. आठवड्याभरात ती त्याचाच गाउन घालून पोळ्या लाटताना दिसली. हातानं शिवलेला. गळा एकीकडे झुकलेला, घेर इतका की उंबरा ओलांडताना दोन्ही हातांनी धरावा लागे.

"हे काय?" मास्तर म्हणाले.

"गाउन."

"हा गाउन? माझ्या दुकानाचा पडदा अंगाला गुंडाळलायस तू! समोरून गिऱ्हाईक येतं-जातं. काय म्हणतील?"

"म्हणतील मास्तरांचा पडदा चालायला लागला," ती म्हणाली आणि पोळी उलटली. "अहो, घरातल्या घरात आहे. बरं वाटतं त्यात. राहू द्या ना."

त्यांनी राहू दिलं, सहा-सात दिवस. मग एका दुपारी ती बहिणीकडे गेली. गाउन दोरीवर वाळत होता. मास्तरांनी तो काढून मशीनवर घेतला. मनात वाईट काही नव्हतं, हे त्यांनी पुढे स्वतःला हजारदा सांगितलं. उलट तिला खूश करायचं होतं. मऊ कापड आवडलंय तर त्याचा चांगला कपडा करून देऊ. त्यांनी दोन्ही कडांनी चार चार बोटांच्या पट्ट्या कापून टाकल्या. गळा सरळ केला. खांदे बसवले.

मग त्यांना डाव्या काखेत एक चौकोनी तुकडा दिसला. काखेत असा तुकडा घातला की मुंढा, म्हणजे बाही जोडायची जागा, सैल होतो, हात मोकळा फिरतो. जुनी पद्धत. त्यांच्या उस्तादांनी पहिल्याच वर्षी शिकवली होती, पुढे अंगाबरोबर शिवायची हवा आली तशी मागे पडली. तुकडा फक्त डावीकडे होता. उजव्या काखेत काही नाही. बघा, मास्तर हसले, एका बाजूला घातला नि दुसऱ्या बाजूला विसरली. त्यांनी तो तुकडा उसवून काढला, मुंढा उजवीसारखा आखला आणि टीप मारली. दोन्ही बाजू तंतोतंत झाल्या.

संध्याकाळी गाउन इस्त्री करून खुंटीला टांगून ठेवला. ती आली, चप्पल काढता काढता तिची नजर गेली. जवळ जाऊन तिनं गाउनाची डावी काख बोटांनी चाचपली. मग म्हणाली, "छान झालंय." दुसऱ्या दिवशी घातला. डाव्या हातानं वरच्या फळीवरचा डबा काढायला गेली आणि हात अर्ध्यातच खाली आला.

"अहो, डावीकडे जरा सोडाल का?"

"कापड कापलंय आता. ते काय परत उगवतं? आणि मुंढा बरोबर आहे. तुझंच अंग भरलंय."

तिनं परत तो घातला नाही.

पाच महिन्यांनी दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "गाठ केव्हापासून आहे? दुखायला केव्हा लागलं?" बायको खाली बघत म्हणाली, "दुकानाला नवा पडदा लावला ना, त्याच्या आधी महिनाभर." डॉक्टरीणबाईंना काय कळणार? पडद्याचा हिशेब फक्त मास्तरांना कळला. गाठ डाव्या काखेत होती. बाई म्हणाल्या, "तेव्हाच आला असतात तर बरं झालं असतं." त्या हे सगळ्यांनाच म्हणत असतील. मास्तरांना मात्र ते खाली मान घालून ऐकावं लागलं.

दवाखान्यात तिला तिथला झगा दिला होता. मागं दोन नाड्या, छातीवर नंबर, आकार म्हणाल तर नाहीच. ती म्हणाली, "इथे एक बरं आहे हो. मोकळं वाटतं." मास्तरांना ते तेव्हाही टोचलं, आणि लोक भेटायला येतात म्हणून दुसऱ्या दिवशी ते तिचा पिवळा ड्रेस घेऊन गेले. चार ते सहा या भेटीच्या वेळात ती रोज पिवळ्यात बसलेली असायची. किती छान दिसतेस, ते म्हणायचे. ती गेल्यावर सामान देताना नर्स सहज बोलून गेली, "आजी रोज पावणेचारला आम्हाला बोलवायच्या, ड्रेस चढवा म्हणून. हात आत घालताना डोळ्यांतून पाणी यायचं. मी म्हटलं राहू द्या, तर म्हणाल्या, त्यांनी आणलाय."

हे सगळं त्या कपाटासमोर मास्तरांच्या अंगावर आलं. गाउन काढून त्यांनी लेकीला नेऊन दिला.

लेकीनं हुंगला. मग उजवा हात घातला, मान घातली, आणि डावा हात काखेपाशी अडकला. "आई गं!" ती ओरडली. अर्धा गाउन डोक्यावर, अर्धा खाली, अशी खाटेवर बसली. "बाबा, हा तोच आहे ना? इतका लहान कसा?"

"तुझंच अंग भरलंय," मास्तर म्हणाले.

शब्द तोंडातून सुटले आणि त्यांच्याच कानाला ओळखीचे लागले. ते तिथे थांबले नाहीत. पुढच्या खोलीत जाऊन त्यांनी मशीनखालचं चिंध्यांचं गाठोडं ओढलं आणि फरशीवर उपडं केलं. शिंपी चिंधी फेकत नाही. कोटांचे, पडद्यांचे, शाळेच्या गणवेशांचे तुकडे पसरले. तासाभराने एक तपकिरी पट्टी सापडली, मग दुसरी. चौकोनी तुकडा सापडला नाही. सापडणार कसा? तो त्यांनी मशीनचं तेल पुसायला घेतला होता, हे त्यांना स्वच्छ आठवत होतं. हाताशी आला, मऊ होता, पुसायला बरा होता.

लेक दारात उभी होती. नवऱ्याचा शर्ट परत खांद्यावर टाकून आली होती.

"काय शोधताय बाबा?"

"तो मी लहान केला," मास्तर फरशीवर बसूनच म्हणाले. "तुझी आई मावशीकडे गेली होती तेव्हा. डाव्या काखेत तिनं तुकडा घातला होता. एकाच बाजूला. मी म्हटलं चुकली, आणि काढून टाकला."

लेकीला उलगडायला थोडा वेळ लागला. मग ती तिथेच गिऱ्हाइकांच्या बाकावर बसली.

"डाव्या," ती म्हणाली.

"हो."

"तिनं तुम्हाला सांगायचं ना पण."

"सांगितलंच की. माझ्या डोळ्यांपुढे दोरीवर वाळत टाकलं होतं. चाळीस वर्षं माणसाचा एक खांदा उतरलाय की कंबर कलली आहे हे मी लांबून ओळखतो. आणि घरात..."

ते सापडलेली पट्टी मांडीवर सरळ करत बसले. लेक काही समजूत घालायला आली नाही. एकदा म्हणाली, "मी फोनवर रोज विचारायचे, आज काय घातलंय. ती म्हणायची, पिवळा." आणि रिकाम्या बाहीनं नाक पुसलं.

बऱ्याच वेळानं मास्तर उठले. गळ्यातला टेप काढला. "ये इकडे. हात उचलू नकोस. कुठे लागतं ते सांग."

"इथे. नाही, जरा खाली. बाबा, टेप सैल धरा."

"आणखी?"

"आणखी."

त्यांनी दोन्ही कडांच्या टिपा उसवल्या, पट्ट्या परत जोडल्या. डाव्या काखेसाठी कापड नव्हतं. मास्तरांनी कात्री घेतली, कोपऱ्यातल्या निळ्या पडद्यापाशी गेले आणि खालून वीतभर चौकोन कापला. तपकिरी गाउनात निळा तुकडा. एरवी असला कपडा कोणी शिवून आणला असता तर मास्तरांनी दुकानाबाहेर काढलं असतं.

गाउन अंगात गेला. लेकीनं डोळे मिटून श्वास घेतला आणि आत जाऊन आईच्या खाटेवर आडवी झाली. दुपारभर झोपली.

तीन दिवसांनी वाणी पँट घालून बघायला आला नि पडद्याआडून ओरडला, "मास्तर, पडद्याला भोक पडलंय! माझे पाय रस्त्यावरून दिसतायत!"

"दिसू देत. पँट कुठे आवळतेय ते सांगा."

वाण्याचं डोकं पडद्याबाहेर आलं. "काय म्हणालात?"

"कुठे आवळते ते सांगा म्हटलं."

तीन आठवड्यांनी लेक परत गेली. गाउन धुऊन, घडी घालून खाटेवर ठेवून गेली. आता हात वर होतोय, म्हणाली, आणि इथलाच आहे, इथेच राहू द्या. मास्तरांनी तो उचलून उलटा केला आणि खिडकीच्या उजेडात धरला. डावी काख सैल, उजवी घट्ट. शिंप्याच्या डोळ्याला तो फरक खुपत होता. हात आपोआप खडूकडे गेला.

खडू त्यांनी परत डबीत ठेवला. उजवी काख तशीच राहू दिली, तिनं ठेवली होती तशी, आणि गाउन खालच्या कप्प्यात न ठेवता दोरीवर, समोर टांगला.