खंडेनवमीचा फ्रीजर

सृष्टी बसमध्ये चढली की लोक उठून तिला जागा देतात आणि तिची आई शेजारी उभी राहते. अहो, वय तिचं एकोणतीस! पण केस पांढरेफटक, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, आवाज बसलेला. पेशीतला डीएनए म्हणजे दोन पदरांचा पीळ. तो उलगडून दुरुस्तीला मोकळा करणारं एक प्रथिन तिच्या अंगात जन्मापासून धड बनतच नाही, म्हणून अंग भराभर म्हातारं होत चाललंय. यावर औषध नाही. कुठेच नाही.

हे तिच्या थोरल्या बहिणीला, हर्षालीला, पक्कं ठाऊक होतं. नाशिकच्या एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत ती याच प्रथिनावर काम करत होती. परदेशातल्या कंपनीने किड्यांच्या पेशींकडून बनवून घेतलेलं ते माणसाचं प्रथिन बोटभर कुपीत, कोरड्या बर्फात बसून आलं, तेव्हा पोरगी हरखून घरी बोलून गेली, "आई, सृष्टीच्या अंगात जे बनत नाही ना, तेच आलंय!"

झालं! मैनाबाईंनी लगेच साऱ्या चाळीत साखर वाटली. "माझ्या लेकीचं औषध आलं गं बाई!" हर्षाली तोंड उघडणार तोच तिला तिचे वडील, अण्णा, हसताना दिसले. किती वर्षांनी हसत होता तो माणूस! मग कुणाची जीभ रेटणार? उद्या सांगू, परवा सांगू, करता करता राहून गेलं.

अण्णा, म्हणजे सोमनाथ, मूळचे निफाडकडचे, पण उभा जन्म सातपूरला कारखान्यात लेथवर गेला. खंडेनवमी आली तसे ते हटूनच बसले. "तुमच्या मशीनची पूजा मीच करनार. माझ्या लेकीचं औषध हाय त्याच्यात."

प्रयोगशाळेतही त्या दिवशी यंत्रांना हार घालतात, म्हणून हर्षाली त्यांना घेऊन गेली. तेवढ्यात साहेबांनी तिला प्रसादाला बोलावलं. ती परतली तेव्हा कुपी ठेवलेला जुना फ्रीजर लख्ख पुसलेला होता. वर हळदीकुंकू, झेंडूचा हार, आणि समोर अण्णा डोळे मिटून हात जोडून उभे. तिला भरून आलं. मागच्या प्लगकडे कोण कशाला बघतंय? शेजारच्या यंत्रांची घरघर चालू होती, आणि बिघाड झाला की कोकलणारा त्या फ्रीजरचा भोंगा केव्हाच बंद पडला होता.

दसऱ्याची सुट्टी, लागून रविवार. सोमवारी तिने दार उघडलं तर फ्रीजरखाली पाण्याचं थारोळं. प्लग काढलेला, वायर नीट गुंडाळून ठेवलेली, प्लगलाही कुंकवाचं बोट. तिला सगळं कळलं. ओलं फडकं लावायच्या आधी मशीन बंद करायचं, ही कारखान्याची शिस्त. आणि पूजेला मांडलेलं हत्यार त्या दिवशी चालवायचं नाही, दसऱ्याला सुरू करायचं, ही रीत. अण्णांनी दोन्ही पाळलं होतं. तरी वेड्या आशेने तिने कुपीतला थेंब घेऊन डीएनएवर सोडून पाहिला. पीळ काही सुटला नाही; थंडी गेली तसं प्रथिन नासलं होतं.

घरी सगळे जेवायला बसले होते. अण्णांनी आधी तेच विचारलं, "दसऱ्याला मशीन चालू केलं ना कोनी?"

हर्षालीच्या चेहऱ्यानेच उत्तर दिलं. अण्णांच्या हातातला घास तसाच राहिला. "माझ्यामुळं गेलं?"

"अण्णा, ते औषध नव्हतंच," ती रडत म्हणाली. "फक्त प्रयोगाला होतं. माणसाला द्यायचं नाही, असं कुपीवरच लिहिलेलं असतं. सृष्टीच्या आजाराला औषध नाही, अण्णा."

"बापाला पाठीशी घालू नको," मैनाबाई म्हणाल्या.

"आई, ताई खरं बोलतेय," सृष्टीचा घोगरा आवाज आला. "मी मोबाईलवर कधीच वाचलं होतं. पण तुम्ही दोघं इतके आनंदात होतात, सांगवलं नाही."

अण्णांनी दोघींकडे पाळीपाळीने पाहिलं. "दोघी बहिनी मिळून मला वाचवत्यात," ते म्हणाले, आणि त्यांनी आपल्या धाकट्या लेकीसमोर कान धरले.

मैनाबाईंनी त्यांच्यापुढचं ताट उचललं. तेव्हापासून अण्णा घरातल्या एकाही बटणाला हात लावत नाहीत. संध्याकाळी घरात एकटे असले, की कुणीतरी येऊन दिवा लावेपर्यंत अंधारातच बसून राहतात.